रिकाम्या खुर्चीचे प्रचारक

त्यांच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दाराजवळ एक लोखंडी घडीची खुर्ची उघडून ठेवलेली होती. मी तिच्यावर बसायला वाकले तेवढ्यात आतून आवाज आला, "तिथं नको!"

"ओली आहे का?"

"नाही. उमेदवार आहे."

मी पिशवी हातात घेऊन उभीच राहिले. ते बाहेर आले, दुसरी खुर्ची उघडून दिली आणि काही न सांगता चहा टाकायला निघून गेले. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, चष्म्याला मागून सुतळी बांधलेली. सगळे त्यांना आबा म्हणत. लोणावळ्याच्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं कॉम्प्युटर शिकवला आणि निवृत्तीनंतर परंदवडीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसले. तिथंच आमचं सगळं चालायचं.

'आमचं' म्हणजे काय, ते आधी सांगते. दूध संकलन केंद्रावर गवळी दूध घालतो, त्याचं वजन होतं, फॅट बघतात, चिठ्ठी निघते. हे काम करणारं एक सॉफ्टवेअर आबांनी आणि त्यांच्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. फक्त केलेली सुधारणा सगळ्यांना परत द्यावी. मावळातून ते नगरला गेलं, कोल्हापूरकडे गेलं, कोकणात उतरलं. सांभाळणारे शंभरएक लोक, सगळे आपापली नोकरीधंदा करून उरलेल्या वेळात काम करणारे. पगार कुणाला नाही आणि मालकही कुणी नाही. मग निर्णय घ्यायचे कुणी? त्यासाठी पाच जणांचं मंडळ आणि दर वर्षी त्याची निवडणूक.

मी यात आले ती चुकांची यादी घेऊन. तळेगावजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. थोरल्या दिरांचं परंदवडीला संकलन केंद्र आहे. तिथं संध्याकाळच्या दुधाच्या चिठ्ठीवर दुसऱ्या दिवशीची सकाळ छापून येऊ लागली. भाऊजी कॉम्प्युटरला शिव्या देत होते. मी शेजारी बसून काय केल्यावर काय होतं, पुन्हा केलं तर पुन्हा होतं का, हे ओळीने लिहिलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला.

"ही यादी कुणी केली?"

"मी."

"काय करता तुम्ही?"

"स्टोअर सांभाळते."

"मग या की इकडे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'स्टोअर' झाले. "अहो स्टोअर, मागच्या मीटिंगला काय ठरलं होतं?" "स्टोअरला विचारा, तिच्याकडे सापडेल." माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. पुढे निवडणूक अधिकारी म्हणूनही त्यांनी मलाच बसवलं. मी म्हटलं, मला कोड लिहिता येत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच. तुम्ही कुणाच्या कोडच्या प्रेमात पडणार नाही."

आता खुर्चीचं. आबांच्या वडिलांचा सोमाटण्यात मंडपाचा धंदा होता. लग्न, बारसं, सप्ताह, पुढाऱ्यांच्या सभा, सगळीकडे यांचे बांबू, यांच्या कनाती, यांच्या खुर्च्या. पाठीवर तांबड्या ऑइलपेंटने घराचं आडनाव. धंदा कधीच बंद झाला होता, पण पाचपन्नास खुर्च्या शेडमध्ये एकावर एक रचलेल्या होत्या. शाळेत असताना आबा सुट्टीत खुर्च्या मांडायला जात, आणि माणसांविषयी जे काही शिकलो ते तिथंच, असं त्यांचं म्हणणं होतं. "मांडव रिकामा असतो ना, तेव्हा सगळे चांगले असतात. पहिली ओळ मांडली की माणसं बदलतात. व्याही व्याह्याशी बोलायचा थांबतो."

त्यामुळे मंडळाची निवडणूक सुरू करायची ठरली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली आणखी एक नाव असेल: रिकामी खुर्ची. मतदाराने आपल्या पसंतीचा क्रम लावायचा. एक, दोन, तीन. जो माणूस निम्म्याहून जास्त मतदारांनी खुर्चीच्या खाली टाकला असेल, तो पडला, मग समोर दुसरा उमेदवार असो वा नसो. ती जागा वर्षभर रिकामी राहील. चार जण काम करतील, तीन करतील, पण नको असलेला माणूस केवळ दुसरा कुणी नाही म्हणून बसणार नाही.

आणि खुर्चीही उमेदवार म्हटल्यावर तिचा प्रचार कुणीतरी करायला हवा. तो आबा करत. वार्षिक सभेत सगळ्या उमेदवारांची भाषणं झाली की ते उठून दाराजवळच्या खुर्चीमागे उभे राहत, तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवत आणि अगदी गंभीरपणे बोलत.

"या उमेदवाराला मीटिंगला कधी उशीर झालेला नाही. तो दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडत नाही. परदेशातल्या परिषदेला जायचा हट्ट धरत नाही. याला मेहुणा नाही. याने आजपर्यंत एकही चुकीचा निर्णय घेतलेला नाही. विचार करून मत द्या."

लोक हसून हसून बेजार व्हायचे. व्हिडिओवर कोल्हापूरची, नगरची मंडळी टाळ्या वाजवायची. आबा मात्र हसत नसत. भाषण झालं की खुर्ची फडक्याने पुसायचे.

सवयी विचित्र होत्या. जेवताना फोन स्टीलच्या डब्यात ठेवायचे. तो वाजला की डबा थरथरत ओट्यावरून सरकू लागायचा आणि ते घास चावत त्याच्याकडे बघत राहायचे, पडेल की काय अशा नजरेने, पण उचलायचे नाहीत. केंद्रावरून तक्रारीचा फोन आला तर उभं राहूनच बोलायचे. "बसलं की माणूस स्पष्टीकरण द्यायला लागतो," म्हणायचे.

सगळ्यात कडक नियम बोलण्याचा होता. 'आबांचं सॉफ्टवेअर' असं कुणी म्हटलं की त्याने सभा संपल्यावर सगळ्या खुर्च्या मिटून रचायच्या. मोठा, लहान, पाहुणा, कुणीही असो. एकदा बेगडेवाडी स्टेशनवरून रिक्षा करून आलेला एक पत्रकार 'तुमचं हे सॉफ्टवेअर' म्हणाला आणि नीट इस्त्री केलेल्या कपड्यांत सगळ्या खुर्च्या रचून गेला. बातमी काही छापून आली नाही.

हौसामावशीही एकदा सापडल्या होत्या. पवन मावळाच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत बायकांचं दूध केंद्र आहे, ते मावशी चालवतात. त्यांची तक्रार करायची रीत ठरलेली. फोन लावायचा आणि नमस्कार वगैरे न करता म्हणायचं, "आबा, तुमचं यंतर आज पुन्यांदा खोटं बोलाया लागलंय." एका वर्षी सभेलाही त्या आल्या आणि बोलता बोलता तेच म्हणाल्या.

"कुणाचं, मावशी?"

"तुमच... आपलं! आपलं वो बाबा, समद्यांचं!"

"उशीर झाला."

"आवं मी म्हातारी बाई, माझं गुडघं बघा की."

"सावकाश रचा. घाई नाही."

मावशींनी खुर्च्या रचल्या. शेवटची ठेवताना म्हणाल्या, "लगीन तुमच्या घरचं आन् मांडव आमी आवरायचा."

या मावशींना मताचा अधिकार मिळाला त्याचीही एक गोष्ट आहे. निखिल नावाचा आमच्यातला सगळ्यात हुशार कोड लिहिणारा, आबांचाच विद्यार्थी, आता हिंजवडीत मोठ्या पदावर, दोन मुलांचा बाप. त्याने एकदा सुचवलं की मत फक्त कोड लिहिणाऱ्यांना द्यावं. ज्यांना आतलं कळतं त्यांनीच माणसं निवडावीत. आबा शांतपणे म्हणाले, "गेल्या वर्षी तू काय काय दुरुस्त केलंस?" निखिलने भराभर सांगितलं. "त्यातलं किती मावशींच्या फोनमुळे कळलं?" निखिलने डोकं खाजवलं. नियम झाला की वर्षभरात ज्याने काहीही काम केलं त्याला मत. कोड लिहिला, भाषांतर केलं, चूक कळवली, फोनवर कुणाला समजावलं, सगळं काम. मतदारयादी मीच करते आणि दर वर्षी कुणी ना कुणी त्यावरून भांडतं. ते चालायचंच.

पण आबांची खरी परीक्षा उमेदवारांसाठी होती. भाषण संपलं की ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. "उद्यापासून तुम्ही आला नाहीत, तर काय अडेल?"

नवखा माणूस इथं फसायचा. कोल्हापूरकडचा एक जण व्हिडिओवर होता. कामाला वाघ, महिन्याचे सगळे रिपोर्ट त्यानेच बसवलेले. तो छाती काढून म्हणाला, "सर, खरं सांगतो. रिपोर्टचं काम पूर्ण बंद पडेल. ते माझ्याशिवाय कुणालाच येत नाही."

"मग पुढच्या वर्षी उभे राहा," आबा म्हणाले. "तोवर कुणाला तरी शिकवा."

तो त्या वर्षी खुर्चीच्या खाली गेला. चिडून काही महिने फिरकला नाही. मग परत आला, येताना दोन माणसं तयार करून आला, आणि प्रश्नाला उत्तर दिलं, "काही नाही अडणार." तेव्हा निवडून आला. आबांचं म्हणणं असं की ज्याच्यावाचून अडतं त्याला मंडळात घेतलं की तो अडवायला शिकतो. ज्याच्यावाचून अडत नाही तोच मोकळेपणाने नाही म्हणू शकतो.

आबा स्वतः कधी उभे राहिले नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "मंडपवाल्याने पंगतीला बसायचं नसतं."

आणि तरी एका वर्षी ते उभे राहिले.

झालं असं, की एका खासगी डेअरीची दोन माणसं शेडमध्ये आली. एसी गाडी परंदवडीच्या रस्त्यावर धुळीने माखलेली. त्यातला मोठा माणूस कुणी काही म्हणायच्या आत दाराजवळच्या खुर्चीवर बसला. आम्ही सगळे आबांकडे बघायला लागलो. आबा पूर्ण वेळ उभे राहिले. पाहुणे उठून "बसा ना आबा," म्हणाले तरी बसले नाहीत.

देणगी मोठी होती. तळेगावात ऑफिस देऊ, दोन पगारी माणसं देऊ, सगळ्या केंद्रांचा हिशोब रोज ज्या सर्व्हरवर जमा होतो तो आमच्याकडे नीट ठेवू. बदल्यात पाचांपैकी दोन जागा आमच्या. त्या जागांना निवडणूक नाही.

ते गेल्यावर आबा म्हणाले, "यांना दोन जागा दिल्या की दोन वर्षांनी त्यांच्या डेअरीला न चालणारी गोष्ट आपल्याकडे होणार नाही. सरळ आहे."

"आबा, मला घ्यावंसं वाटतं," निखिल म्हणाला.

"का?"

निखिल म्हणाला, "तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी काय झालं ते विसरलात का?"

कुणीच विसरलं नव्हतं. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, डोळ्यावर पट्टी, फोन मुलीने काढून घेतलेला. नेमका तेव्हाच सर्व्हर बसला. तो कसा उठवायचा हे फक्त आबांना माहीत. पासवर्ड त्यांच्या डोक्यात. मधली तार कुठली, आधी काय चालू करायचं, कशाला किती वेळ द्यायचा, सगळं डोक्यात. निखिलने दोन रात्री घालवल्या, जमलं नाही. केंद्रं वह्यांवर दूध लिहीत बसली. शेवटी आबा पट्टी बांधलेल्या अवस्थेत रिक्षाने शेडमध्ये आले, चाचपडत कळफलकावर बोटं ठेवली आणि चालू करून दिलं. तेव्हा आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं होतं. कारखान्यात असं झालं असतं तर मी त्या माणसाला मेमो दिला असता, पण तिथं मीही टाळ्या वाजवल्या.

"तुमच्या माघारी कोण बघणार?" निखिल म्हणाला. "पगारी माणूस तरी असेल."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे त्यांचा उमेदवारी अर्ज आला. मी फोन केला.

"आबा, नक्की?"

"नक्की. नवं मंडळ या डेअरीचा निर्णय घेणार. मला आत बसून नाही म्हणायचंय."

"मग खुर्चीसाठी तुम्हाला बोलता येणार नाही. उमेदवाराने दुसऱ्या उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, हा नियम तुमचाच आहे."

"माहीत आहे. दुसरं कुणीतरी बोलेल."

कुणी तयार होईना. मी एकेकाला विचारलं. आबांच्या विरुद्ध खुर्ची? नको बाई. नियमाप्रमाणे प्रत्येक उमेदवाराचं म्हणणं सभेपुढे यायलाच हवं. शेवटी मीच कागदावर चार ओळी लिहून वाचायचं ठरवलं.

सभेला शेड भरली होती. पाच जागा, पाच उमेदवार आणि खुर्ची. तशी बिनविरोधच होती म्हणायची. निखिल धरून चौघांची भाषणं झाली, चौघांनी 'काही अडणार नाही' असं सांगितलं. मग आबा उठले. भाषण करायची त्यांना सवय होती, पण खुर्चीचं. स्वतःचं करताना हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. ते डेअरीबद्दल बोलले, दोन जागांबद्दल बोलले, मुद्देसूद बोलले. शेवटी आवाज चढला.

"इतकी वर्षं मी हे जपलं. आज कुणीतरी गाडीतून उतरतो आणि दोन जागा मागतो. माझं सॉफ्टवेअर मी असं कुणाच्या गोठ्यात बांधणार नाही!"

टाळ्या वाजायला हव्या होत्या. वाजल्या नाहीत. व्हिडिओवरची माणसंही हलली नाहीत. आबा क्षणभर उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, हे आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मी कागद काढला. तेवढ्यात मागून हौसामावशी उठल्या.

"खुर्चीचं मी बोलते."

"मावशी, तुम्ही?"

"कुनीतरी बोलाया नगं? उमेदवार हाय ती." त्या पुढे आल्या, खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि आबांसारखेच तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. काही जण हसले. मावशी नाही हसल्या.

"मला लय बोलता येत न्हाई. ही खुर्ची लोकंडी हाय, चांगली हाय. आबांच्या घरचीच हाय. आन् आबा बी चांगलं हाईत. पर त्यांनी समद्यांला इचारलं, ते मी त्यांला इचारते." त्या आबांकडे वळल्या. "आबा, उद्यापास्नं तुमी न्हाई आला, तर काय अडल?"

आबांनी चष्मा काढला, सुतळीवर लोंबकळू दिला. ते खोटं बोलू शकले असते. 'आता सगळं लिहून ठेवलंय' म्हणाले असते, तर निखिल सोडून कुणाला तपासताही आलं नसतं.

"बरंच अडेल, मावशी," ते म्हणाले.

"व्हय. तुमच्या डोळ्याच्या येळला आमी वहीवर दूध लिवलं. बाया म्हनल्या, आबांचं ठीक व्हऊ दे, दुधाचं बगू मागनं. आमी दिवा बी लावला तुमच्यासाटी. पर सारकं दिवं लावायचं का?"

एवढं बोलून त्या जागेवर जाऊन बसल्या.

सभा संपली. लोक चहाकडे गेले. मी कागद आवरत होते, तर मागून लोखंडाचा आवाज आला. आबा खुर्च्या मिटत होते. एकटे. एक खुर्ची मिटायची, भिंतीपर्यंत न्यायची, रचायची, परत यायचं. निखिल मदतीला धावला तर म्हणाले, "तू म्हणालास का 'माझं'?"

"नाही, आबा."

"मग चहा पी."

सगळी शेड त्यांनी आवरली. आम्ही कप हातात धरून बघत राहिलो. दाराजवळची खुर्ची तेवढी ठेवली, नेहमीसारखी पुसून.

मतदान आठवडाभर चाललं. निकाल मी फोनवर सांगायचा नाही असं ठरवलं आणि सुट्टीच्या दिवशी सोमाटण्याहून चालत परंदवडीला गेले. ते शेडमध्येच होते.

"बोला, स्टोअर."

"चार जागा भरल्या. पाचवी रिकामी राहिली."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "मावशीने मला खाली टाकलं असेल ना?"

"मत गुप्त असतं, आबा."

"आणि तुम्ही?"

"माझंही गुप्तच."

त्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाले, "एवढी वर्षं प्रचार केला. एकदा तरी यायला हवी होती ती निवडून." आणि पहिल्यांदाच खुर्चीच्या विषयावर ते हसले. डोळे मात्र पुसले, ऑपरेशनच्या डोळ्यातून अजून पाणी येतं म्हणाले.

निखिलचा फोन आला तो नियम बदलण्यासाठी. जागांइतकेच उमेदवार असतील तर खुर्ची लागू करू नये, आपण तातडीची सभा घेऊ, वगैरे. आबांनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. "त्यापेक्षा रविवारी ये. आणि अजून दोघांना घेऊन ये."

मग शिकवणी सुरू झाली. कॉम्प्युटर शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या माणसाला ही एकच गोष्ट कुणाला शिकवता आली नव्हती, कारण समोरचा चाचपडू लागला की त्यांचा हात आपोआप कळफलकाकडे जायचा. "सरक, मी दाखवतो," आणि खटाखट होऊन जायचं. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. पहिले दोन रविवार असेच वाया गेले. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या दोन्ही हातांत चहाचे भरलेले कप दिले.

"हे काय?"

"धरून बसायचं. सांडला तर तुम्ही पुसायचा."

निखिल चुकत होता, थांबत होता, चुकीची आज्ञा टाइप करत होता आणि आबा दोन कप धरून खुर्चीत तळमळत होते. "अरे... डावीकडे... नको, नको, अरे देवा." पण हात अडकलेले. चहा गार झाला, वर साय धरली. सर्व्हर बंद झाला आणि निखिलच्या हाताने परत चालू झाला. आबांनी गार चहाचे दोन्ही कप एकामागोमाग पिऊन टाकले.

पुढे दर रविवारी दोन कप ही पद्धतच झाली. निखिल शिकला, नगरची एक बाई व्हिडिओवरून शिकली, वाडीतल्या हौसामावशींची सून पण शिकली. प्रत्येकाने एकदा तरी सर्व्हर पाडून परत उठवायचा, आबांनी तोंडाने काही सांगायचं नाही. मी कुणाला काय येतं त्याचा तक्ता भिंतीला लावला. आधी सगळ्या रकान्यांत एकच नाव होतं. मग एकेक रकान्यात दुसरं आलं, तिसरं आलं.

मंडळाची बैठक झाली तेव्हा डेअरीचा विषय निघाला. मी नोंदी घ्यायला होते. पाचव्या जागी रिकामी खुर्ची मांडलेली. निखिलच म्हणाला, "पगारी माणसं कशासाठी हवी होती, ते आता मला सांगता येत नाही." नकाराचं पत्र त्यानेच लिहिलं, आभार मानून. आबा बैठकीला नव्हते. ते बाहेर अंगणात होते आणि आत यायचा त्यांना हक्क नव्हता, असं त्यांचंच म्हणणं. मी बाहेर येऊन सांगितलं, "नाही म्हणालो."

"किती जणांनी?"

"सगळ्यांनी."

"माझ्याशिवाय?"

"तुमच्याशिवाय."

"हं," ते म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालत राहिले.

पुढच्या निवडणुकीला लोकांनी त्यांना पुन्हा आग्रह केला. आता उत्तर देता येईल, आता तुम्ही सहज याल. ते म्हणाले, "सहज येईन म्हणूनच नको." आणि उठून खुर्चीमागे उभे राहिले. त्या वर्षीचं तिचं भाषण मला आठवतं. एकच नवीन वाक्य होतं. "या उमेदवाराला गेल्या वर्षीचा अनुभव आहे."

त्यानंतर त्यांच्या मुलीने त्यांना नागपूरला नेलं. एकटं राहणं होत नव्हतं, दुसऱ्या डोळ्याचंही बघायचं होतं. खुर्च्या त्यांनी शेडमध्येच ठेवल्या आणि शेड आम्हाला वापरायला दिली. निघताना कुणाला काही सूचना केल्या नाहीत. मी म्हटलं, काही राहिलं असेल तर सांगा, लिहून घेते. म्हणाले, "भिंतीवर आहे की."

त्यांच्या जाण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध संकलनाची वेळ संपते न संपते तोच माझा फोन वाजला. मी कारखान्यात पोचले होते, स्टोअरचं शटर वर करत होते.

"स्टोअर, आज सकाळी काय अडलं?"

"काही नाही, आबा."

"परंदवडी?"

"व्यवस्थित."

"कोकणातली केंद्रं? त्यांचं नेट जातं."

"गेलं होतं. नगरच्या बाईंनी बघितलं, झालं."

"मावशीचं?"

"मावशींनी फोन केला होता, यंत्र खोटं बोलतंय म्हणून. सुनेनेच दुरुस्त केलं. निखिलपर्यंत गेलंच नाही."

मी शटर पूर्ण वर केलं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, आबा."

"बरं," ते म्हणाले. "एकदा परत बघा."